हौशी फुटबॉल-संघाचें घर

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची हकीकत असावी, होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळी असावी, शाळा व सोडॅलिटी यांचा वृत्तांत असावा, हें सर्वांस मान्य आहे. फुटबॉलच्या संघांचा इतिहास मात्र अशा पुस्तकांत पाहून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळीं आठी चढण्याचा संभव आहे. चेंडूला लाथा मारण्याचा आणि धर्माचा संबंध काय, असें ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां इतिहासानें दिलेलें बरें. कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा खेळ ज्या वाटांनीं आला, त्यांपैकीं एक वाट एका धर्मगुरूच्या अंगणांतून आलेली आहे; आणि जगांतील दोन नामांकित संघांचा जन्म तर धर्मग्रामाच्या सभागृहांत, गोरगरिबांच्या चिंतेंतून झालेला आहे.

या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसून येते. हौशी संघ अकरा गड्यांच्या पायांनीं खेळतो, पण तो टिकतो तो ज्या घराच्या आधारानें उभा असतो त्या घरामुळें. तें घर कोठें धर्मग्राम असतें, कोठें गांव, कोठें पेठेंतील तालीम, तर कोठें कंपनीची कचेरी. घर कोणाचें, त्याचें दार कोणाला उघडें, आणि संघ कशासाठीं काढला याची त्या घराला आठवण किती, या तीन प्रश्नांवर संघाचें आयुष्य अवलंबून असतें. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

किनाऱ्यावर चेंडू आला

हिंदुस्थानांत फुटबॉल इंग्रजांच्या पलटणींनीं आणला ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुंबईंत सन १८९१ सालीं रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले, आणि पहिला चषक वूस्टरशायर पलटणीच्या पहिल्या बटालियननें पटकाविला. त्यापुढें कित्येक वर्षें हा चषक गोऱ्या शिपायांच्याच बराकींत फिरत राहिला. सन १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण डरहॅम पलटणीपुढें त्याला हार खावी लागली. हिंदी संघानें हा चषक पहिल्यानें जिंकला तो सन १९३७ सालीं. आणि तो मान बंगलोर मुस्लिम्स या संघाचा. म्हणजे ज्या स्पर्धेचें मैदान आपल्या मुंबईंत होतें, तिच्यांत आपल्या लोकांस विजयी होण्यास शेहेचाळीस वर्षें लागलीं.

परंतु रोव्हर्सच्याहि आठ वर्षें आधीं, सन १८८३ सालीं, गोमंतकांतील बार्देश महालांत शिवोली या गांवीं हा खेळ सुरू झालेला होता. आणि तो सुरू करणारा शिपाई नसून धर्मगुरु होता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हें त्यांचें नांव. गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचें; पण गोमंतकीयांस फुटबॉल शिकविला तो पोर्तुगीज सरकारनें नव्हे, तर एका ब्रिटिश धर्मगुरूनें, हा इतिहासांतील मौजेचा योग होय. मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणांत वर्गांतील धड्याइतकेंच मैदानालाहि स्थान आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढें शिवोलीशेजारीं हडफडें येथील सेंट जोसेफ शाळेशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें. शाळा, सेमिनरी आणि धर्मग्राम या तीन द्वारांनीं हा खेळ गांवोगांव पसरला. भात कापून मोकळीं झालेलीं शेतें हींच त्याचीं मैदानें, आणि गांवच्या सणाची गर्दी हाच त्याचा प्रेक्षकवर्ग.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गोव्यांतील खेड्यापाड्यांत संघ उभे राहिले ते कोणी श्रीमंतानें पैसा ओतला म्हणून नव्हे. देऊळ होतें, देवळापुढें मोकळी जागा होती, मिस्साविधीस जमणारीं पोरें होतीं, आणि त्यांची नांवें व घरें ओळखणारा एक पाद्री होता. संघाला लागणारें घर आधींच बांधलेलें होतें; त्यांत चेंडू तेवढा नवा आला.

मुंबईंत पोट भरण्यास गेलेल्या गोमंतकीयांनीं हेंच घर आपल्यासंगें नेलें. धोबीतलाव, माझगांव, डाबूळ या भागांत त्यांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें 'कूड' काढल्या. कूड म्हणजे गांवच्या पुरुषमंडळींची सामाईक बिऱ्हाडाची जागा. तिलाच ते 'क्लब' असेंहि म्हणत. बोटीवरील खलाशी, आचारी, बबर्जी तेथें उतरत; भिंतीशीं गांवच्या संताची वेदी असे आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी म्हणण्याची शिस्त असे. वर्गणी थोडी, नियम कडक, आणि आजारी गांवकऱ्याची जबाबदारी सर्वांची. ज्याला आपण हौशी संघ म्हणतों त्याची सारी तत्त्वें या कुडींत आढळतात.

मुंबई व पणजी यांमधील ही ये-जा त्या काळीं समुद्रावाटें होई. किनाऱ्यावरील आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशीं बंदरें घेत जाई. शास्त्री नदीच्या मुखाशीं किल्ल्याच्या पायथ्याला उभें असलेलें आपलें जयगड हें या वाटेवरील एक ठिकाण. ती बोट बंद होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. पण तिच्यांतून जी वृत्ति वाहिली, म्हणजे घर सोडून मुंबईस जाणें आणि मुंबईंत गांव जिवंत ठेवणें, ती अजून आपल्या अंगीं आहे.

धर्मगुरूंनीं खेळाला हात कां लावला

पाद्र्यानें पोरांबरोबर खेळावें ही कल्पना लायन्स साहेबांची एकट्याची नव्हे. इटलींत ट्यूरिन शहरीं संत जॉन बॉस्को यांनीं सन १८४१ पासून रस्त्यावर भटकणाऱ्या व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांस गोळा करण्यास आरंभ केला. त्यांच्या 'ऑरेटरी'मध्यें प्रार्थना, अक्षरओळख, धंदेशिक्षण आणि खेळाचें अंगण हीं चारहि एकाच आवारांत नांदत. मुलगा प्रार्थनेला येत नाहीं म्हणून त्याच्यावर रागावण्यापेक्षां तो जेथें आनंदानें येतो तेथें आपण जावें, ही त्यांची रीत. त्यांचे अनुयायी सालेशियन धर्मगुरु सन १९४६ सालीं गोव्यांत आले, आणि पणजीच्या त्यांच्या आवारांतहि मैदानाला तोच मान मिळाला.

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीच्या मैदानाचाच दाखला दिला आहे. धांवणारा आपल्या देहाला लगाम घालतो तो सुकून जाणाऱ्या मुकुटासाठीं. मग न सुकणाऱ्या मुकुटासाठीं आपण काय करावें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. जो प्रेषित खेळगड्याकडून धडा घेतो, त्याच्या मंडळीनें खेळाला कमी लेखणें शोभत नाहीं.

सभागृहांतून निघालेले दोन संघ

आतां धर्मग्रामांतून जन्मलेल्या दोन संघांची हकीकत सांगतों. ती स्कॉटलंडांतील आहे, तथापि कोंकणी माणसाला ती परकी वाटणार नाहीं. सन १८४५ पासून चार-पांच वर्षें आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला. लक्षावधि माणसें मेलीं. लक्षावधि बोटींत बसून परदेशीं गेलीं. त्यांतील पुष्कळ एडिंबरो व ग्लासगो या शहरांत गिरण्या, गोदी व खाणी यांच्या आसऱ्यास आलीं. रत्नागिरीचा चाकरमानी जसा गिरणगांवांत दाटीवाटीनें राहिला, तशींच हीं माणसें राहिलीं. भेद एवढाच कीं त्यांचा कॅथोलिक धर्म व त्यांची आयरिश जात दोन्ही तेथील लोकांस नकोशीं होतीं.

एडिंबरोच्या काउगेट वस्तींत सेंट पॅट्रिक धर्मग्रामाचे कॅनन एडवर्ड हॅनन यांनीं तरुणांसाठीं कॅथोलिक युवक-मंडळ चालविलें होतें. त्या मंडळांतून सन १८७५ सालीं 'हायबर्नियन' नांवाचा फुटबॉल-संघ निघाला. आरंभीं स्कॉटिश फुटबॉलच्या चालकांनीं, हा खेळ स्कॉट लोकांसाठीं आहे असें म्हणून, या पोरांस दारांतच अडविलें. पोरांनीं धीर सोडला नाहीं. दार उघडलें; आणि सन १८८७ सालीं याच संघानें डंबार्टनचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव करून स्कॉटिश चषक जिंकला.

तो विजय पाहून ग्लासगोच्या पूर्व भागांतील एका मठवासी बंधूच्या मनांत एक विचार आला. ब्रदर वॉलफ्रिड हे मॅरिस्ट संघाचे. मूळ नांव अँड्र्यू केरिन्स. जन्म सन १८४० चा, म्हणजे दुष्काळ त्यांनीं बालपणीं डोळ्यांनीं पाहिलेला. सेक्रेड हार्ट शाळेचे ते मुख्याध्यापक होते. उपाशी मूल धडा शिकत नाहीं, हें रोज पाहत असल्यामुळें त्यांनीं गरीब मुलांसाठीं माध्यान्हीच्या जेवणाची पंगत सुरू केली होती. ती चालविण्यास पैसा हवा; तो देणग्यांनीं पुरेना. फुटबॉलचा सामना पाहण्यास लोक तिकीट काढतात, मग तो पैसा मुलांच्या ताटांत कां पडूं नये? दिनांक ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहांत बैठक भरली आणि 'सेल्टिक' हा संघ स्थापन झाला. पुढच्या जानेवारींत काढलेल्या पत्रकांत हेतु स्वच्छ शब्दांत मांडला होता: तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या भोजनासाठीं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीस निधि पुरविणें. मैदान तयार केलें तें स्वयंसेवकांनीं, अंगमेहनतीनें. पहिला सामना दिनांक २८ मे १८८८ रोजीं रेंजर्स संघाशीं झाला आणि सेल्टिकनें तो ५ विरुद्ध २ असा जिंकला.

येथवर ही कथा एखाद्या प्रवचनांत शोभण्यासारखी आहे. पुढचा भाग तितका सोपा नाहीं. पण इतिहास लिहावयाचा तर तोहि सांगितला पाहिजे. स्कॉटलंडांत सन १८९३ पर्यंत धंदेवाईक खेळाला कायद्यानें परवानगी नव्हती. गड्यानें खेळाबद्दल पैसा घेणें निषिद्ध होतें. तरीहि आडपडद्यानें पैसा चाले. सेल्टिक निघून वर्षहि झालें नव्हतें, तोंच हायबर्नियनचे उत्तमोत्तम गडी एकामागून एक फुटून ग्लासगोस गेले. म्हणजे धाकट्या भावानें थोरल्याचें घर रिकामें केलें, आणि तेंहि धर्मादायाच्या नांवावर. कॅनन हॅनन सन १८९१ सालीं निवर्तले. त्याच वर्षीं मैदान हातचें गेल्यानें हायबर्नियन बंद पडला. पुढें एक-दोन वर्षांत तो पुन्हां उभा राहिला. पण आतां केवळ कॅथोलिक मंडळाच्या सभासदांनींच खेळावें हा जुना नियम काढून टाकण्यांत आला होता. सेल्टिकनें असा नियम कधींच घातला नव्हता, हेंहि लक्षांत ठेवावें.

सेल्टिकची गोष्ट निराळी झाली. यश आलें, गर्दी वाढली, पैसा वाढला. ब्रदर वॉलफ्रिड यांची सन १८९२ सालीं लंडनास बदली झाली. सन १८९७ सालीं संघाची मर्यादित कंपनी झाली, भागधारक आले, आणि ज्या पंगतीसाठीं संघ काढला तिच्याकडे जाणारा ओघ आटला. संघ मोठा झाला, आणि मोठा होतांना ज्या पोरांच्या ताटावरून त्याचा जन्म झाला त्यांनाच विसरला. ब्रदर वॉलफ्रिड यांनीं याबद्दल कोठें गाऱ्हाणें केल्याचें प्रसिद्ध नाहीं. लंडनच्या पूर्व भागांतील बेथनल ग्रीन व बो या गरीब वस्त्यांत त्यांनीं अनवाणी पोरांस जमवून पुन्हां चेंडू सुरू केला. ते सन १९१५ सालीं वारले. सेल्टिकच्या समर्थकांनीं व संघानें पुढील काळांत धर्मादायाची परंपरा पुन्हां हातीं घेतली, आणि आज त्या मैदानाबाहेर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा उभा आहे. हेतु विसरला तरी तो लिहून ठेवलेला असला म्हणजे पुढची पिढी तो शोधून काढते, हा त्याचा अर्थ.

कंपनीचें घर

आपल्या देशांत हौशी संघाला दुसरें एक घर मिळालें, तें कंपनीचें. मुंबईंत मोठमोठ्या व्यापारी मंडळ्यांनीं, आणि पुढें गोव्यांत खाणींच्या मालकांनीं संघ काढले. खेळगड्याला नोकरी मिळे, पगार मिळे, आणि सायंकाळीं सरावास सुटी मिळे. गरिबाच्या पोराला हा मोठा आधार होता, आणि त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. बार्देशांतील आसगांवच्या कुळांतला नेव्हिल डिसूझा मुंबईंत टाटा व कॅलटेक्स यांच्या संघांतून खेळला. दिनांक १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबोर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यानें यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. भारतानें तो सामना ४ विरुद्ध २ असा जिंकला. ऑलिंपिकांत एकाच सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई गडी. त्या वर्षीं भारत चौथा आला. आजवर त्यापुढें आपली मजल गेलेली नाहीं. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको हाहि टाटांचाच. सन १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत तो होता.

परंतु कंपनीचें घर भाड्याचें असतें. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघानें सन २००६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली. आणि चारच वर्षांनीं, सन २०१० सालीं, कंपनीनें तो विसर्जित केला. गोव्याचे साळगांवकर, डेंपो व स्पोर्टिंग हे तीन नामवंत संघ सन २०१६ सालीं राष्ट्रीय संस्थेच्या धोरणास विरोध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. रोव्हर्स चषकाचे सामनेहि एकविसाव्या शतकाच्या तोंडावर थांबले. कोणाचा दोष हा येथें प्रश्न नाहीं. मालकाच्या एका ठरावानें जें सुरू होतें तें दुसऱ्या ठरावानें संपूं शकतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

पेठेचें घर

याच्या उलट उदाहरण पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत सन २००५ सालीं पुणें धर्मप्रांतांतून निराळा झाला. त्यांत सिंधुदुर्ग व रत्नागिरी यांबरोबर कोल्हापूर जिल्हाहि आहे. त्या कोल्हापुरांत फुटबॉलचें वेड असें कीं तेथील सामन्यांस लोटणारी गर्दी पाहून परगांवच्या माणसानें तोंडांत बोट घालावें. आणि तेथील संघांचीं नांवें काय? पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येस जो उदार आश्रय दिला, त्यानें पेठापेठांतील तालमींस तेज चढलें. पुढें फुटबॉल आला तेव्हां त्याला नवें घर बांधावें लागलें नाहीं. ज्या तालमींत बाप मातींत लोळला त्याच तालमीच्या नांवाचा सदरा घालून मुलगा चेंडूमागें धांवला.

पेठेंतील माणूस आपल्या संघाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहत नाहीं; तो त्याचा भाऊबंद असतो. सामना हरला तरी दुसरे दिवशीं तालमीचें दार उघडतेंच. या मातींतून निघालेला अनिकेत जाधव सन २०१७ सालीं सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळला. भाऊबंदकीचे दोषहि तेथें आहेत. ईर्ष्या हातघाईवर येते, आणि समर्थकांच्या हुल्लडबाजीनें खेळाला गालबोट लागतें. पण घर आहे म्हणून संघ आहे, हा सिद्धान्त तेथें रोज प्रत्ययास येतो.

दार कोणाला उघडें

घर आपलें असावें हें खरें. पण दार लावून घेतलेलें घर संघाला गुदमरवितें. हायबर्नियनचा अनुभव वर सांगितलाच. आपल्याकडील थोर उदाहरण मोहन बागानचें. दिनांक २९ जुलै १९११ रोजीं या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २ विरुद्ध १ असें हरवून आय. एफ. ए. ची ढाल जिंकली, आणि साऱ्या देशाची मान ताठ झाली. त्या अकरांपैकीं दहाजण अनवाणी खेळले. बूट घातलेला एकटा गडी डाव्या बाजूचा बचाव करणारा सुधीर चटर्जी. आणि तो ख्रिस्ती होता. दहा हिंदु गड्यांच्या मेळाव्यांत एका ख्रिस्ती शिक्षकाला जागा मिळाली नसती, तर त्या दिवशीं तो संघ अकराचा झालाच नसता.

पोलंडांतील वादोवित्से गांवचीहि गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथें शाळकरी मुलांचे सामने कॅथोलिक विरुद्ध यहुदी असे होत. यहुदी मुलांस गोलरक्षक कमी पडला म्हणजे एक कॅथोलिक मुलगा खुशाल त्यांच्या बाजूस जाऊन उभा राही. तो मुलगा म्हणजे कारोल वोयतिवा. पुढें सन १९७८ सालीं तो पोप दुसरा जॉन पॉल झाला. त्याच्या श्रद्धेला त्या गोलांत उभें राहण्यानें कांहीं उणें आलें नाहीं.

आणि मुलींना दार बंद ठेवण्याचेंहि आतां कारण उरलेलें नाहीं. इंग्लंडच्या फुटबॉल-संस्थेनें सन १९२१ सालीं आपल्या मैदानांवर स्त्रियांच्या खेळाला बंदी केली. ती उठण्यास जवळजवळ अर्धें शतक गेलें. त्या अर्ध्या शतकांत किती गुण वायां गेले असतील याचा हिशेब कोणीं करावा!

आपल्यापुढील प्रश्न

आतां आपल्या जयगडकडे वळूं. किनाऱ्यावरील या गांवीं हौशी संघापुढची खरी अडचण पैशाची नाहीं. चेंडू पूर्वीपेक्षां सोपा झाला आहे. जुना चामड्याचा चेंडू पावसांत पाणी पिऊन दगडासारखा जड होई, आणि त्याची वादी कपाळाला लागली तर रक्त निघे. आजच्या पोरांस तें दुःख नाहीं. अडचण आहे ती माणसांची. आपला कळप लहान. दहावी-बारावी झाली कीं मुलगा मुंबईस, पुण्यास किंवा आखातांत जातो, आणि मागें राहिलेल्यांतून अकरा गडी मोजतांना बोटें संपत नाहींत, पोरें संपतात. उलट पक्षीं, सन २००९ पासून येथें चालूं असलेलें मोठें बंदर व त्याच्या शेजारचें वीजकेंद्र यांमुळें निरनिराळ्या प्रांतांतील कामकरी कुटुंबें या बाजूस येतात. त्यांच्या पोरांना येथें ना मामा, ना काका, ना अंगण.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या. एकीकडे गडी कमी पडणारें घर, दुसरीकडे घर नसलेले गडी. कॅथोलिक, खारवी, भंडारी, मुसलमान आणि परप्रांतांतून आलेला मजूर यांच्या पोरांनीं एकाच चेंडूमागें धांवावें यांत धर्मग्रामाचें काय जाणार आहे? हायबर्नियनच्या नव्या चालकांस हा प्रश्न संघ बुडाल्यावर सुचला. आपण तो आधींच विचारलेला बरा.

हौशी संघ चालविण्यास लागतें तें थोडकें आहे. भात निघाल्यावर मोकळा झालेला एक मळा, रेषा आंखण्यास थोडी फक्की, निःपक्षपातीपणानें शिटी वाजविणारा एक माणूस, आणि दोन वह्या. पहिल्या वहींत पैचा जमाखर्च. दुसऱ्या वहींत पहिल्याच पानावर, संघ कशासाठीं काढला हें दोन ओळींत, मोठ्या अक्षरांत. जिंकण्यासाठीं कीं पोरांसाठीं, याचें उत्तर हार-जितीची धुंदी चढण्यापूर्वीं लिहून ठेवावें. सेल्टिकचें पत्रक लिहिलेलें होतें म्हणूनच पुढच्या पिढीला आपली चूक मोजतां आली.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष कशासाठीं सांगितलें आहे तें लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत वाचावें. पन्नासाव्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाते, आणि दास झालेला आपल्या कुळांत परत येतो. ज्युबिली म्हणजे ज्याचें त्याला परत करणें. मग आपल्या देवळापुढचें अंगण, जें वर्षाचे पुष्कळ दिवस रिकामें असतें, तें कोणाचें आहे याचा विचार या वर्षीं अवश्य व्हावा. शिवोलीच्या त्या पाद्र्यानें आणि ग्लासगोच्या त्या मठवासी बंधूनें आपापलें उत्तर दिलें, आणि दोघांचेंहि उत्तर एकच होतें: तें पोरांचें आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं आठी उकलून तें त्यांना परत द्यावें, तरुणांनीं तें राखावें, आणि जगाच्या ज्या कोपऱ्यांत आपलीं मुलें पोटासाठीं गेलीं आहेत तेथून त्यांनीं सुटीवर येतांना एक चेंडू घेऊन यावा, एवढीच या ज्युबिलीच्या वर्षीं प्रभूचरणीं प्रार्थना.